संध्याकाळी सातनंतरचा समुद्र

'कॅम्पिंग' या शब्दाचं गेल्या दहा-पंधरा वर्षांत आपल्याकडे जे काही झालंय ना, त्याबद्दल कधीतरी बसून सविस्तर कुरकुर करायची होतीच. आज शनिवार आहे, पोरं आजोळी गेली आहेत, तेव्हा करून टाकतो.

मुंबई-पुण्यात आज कॅम्पिंग म्हणजे काय? तर पवनेच्या काठावर किंवा अलिबागच्या पुढे कुणाच्या तरी शेतात ओळीनं उभे केलेले पन्नास तंबू. आत गादी, बाहेर प्लॅस्टिकचं हिरवं गवत. संध्याकाळी बार्बेक्यूच्या नावाखाली माणशी मोजून चार तुकडे, मग साडेदहापर्यंत (म्हणजे साडेबारापर्यंत) डीजे. सकाळी पोहे, चहा आणि अकराला चेक-आऊट. अहो, याला लॉज म्हणतात! कापडी भिंतींचा लॉज. फरक इतकाच, की खऱ्या लॉजमध्ये शेजारच्या खोलीतलं घोरणं ऐकू येत नाही.

धंदा करणाऱ्यांवर माझा राग नाही. लोक पैसे देतात, ते सोय देतात. माझा राग आहे तो याशिवाय दुसरं काहीच शिल्लक न ठेवण्यावर. चार जणांच्या कुटुंबानं स्वतःचा तंबू, स्वतःचा स्टोव्ह आणि डाळ-तांदूळ घेऊन समुद्राकाठी एक रात्र काढायची ठरवली, तर वसईपासून बोर्डीपर्यंतच्या किनाऱ्यावर, रीतसर पावती फाडून, मान वर करून तंबू टाकता येईल अशी एक सार्वजनिक जागा मला दाखवा. मला तरी सापडलेली नाही. दिवसा या, घोड्यावर बसा, भेळ खा, फोटो काढा आणि संध्याकाळच्या गाडीनं घरी जा. किंवा खोली घ्या.

आणि हा किनारा असा, की तंबूसाठी मुद्दाम घडवला असावा. एप्रिल २०१३ पासून विरारच्या पुढे डहाणू रोडपर्यंत लोकल जाते. केळवे रोड, पालघर, बोईसर, वाणगाव. कुठेही उतरा आणि रिक्षानं पश्चिमेला निघा. केळव्याला सुरूचं बन आहे, मागे वाडवळांच्या वाड्या आणि पानवेली, देवळाजवळ पाणी. शिरगावला किल्ला, सातपाटीला मासे, चिंचणीला दूरवर पसरलेली वाळू. गाडी नसलेल्या माणसालाही पोरंबाळं घेऊन जाता येईल असा समुद्र मुंबईच्या आसपास दुसरा कुठला आहे? पण नाही.

नाताळच्या सुट्टीत आम्ही गेलो होतो. किनाऱ्याचं नाव मुद्दाम देत नाही. तंबूचे बांबू जोडतोय तोवर एक गृहस्थ मोटरसायकलवरून आले.

"साहेब, इथे अलाऊड नाही."

"कुणी सांगितलं?"

"वरून ऑर्डर आहे."

"बोर्ड कुठेय?"

"बोर्ड नाहीये. पण अलाऊड नाही. फॅमिलीला सेफ नाही ना." आणि मग त्याच श्वासात, "आपल्याकडे एसी रूम आहेत. गरम पाण्यासकट."

म्हणजे 'वरून' म्हणजे नेमकं किती वरून, ते लक्षात आलं असेलच! शेवटी शेजारी वलांड्यांवर बोंबील सुकत होते, तिथल्या एका मावशींनी निकाल लावला. "राहू दे रे त्यांना, लहान पोरं आहेत," असं त्याला सांगितलं आणि आम्हाला म्हणाल्या, "वलांडीच्या मागे लावा. आज अष्टमी. सहाला पाणी भरंल, पण वर येणार नाही."

हे गणित ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, भरतीची वेळ निघते. आठाची पाऊणपट सहा. थोडं इकडे-तिकडे होतं, पण आपल्या किनाऱ्यावर चालतं. शिवाय अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, म्हणजे पाणी फार वरही चढत नाही आणि फार लांबही जात नाही. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला मात्र या भागात भरती-ओहोटीतला फरक पाच मीटरच्या घरात जातो, आणि किनारा सपाट असल्यामुळे ते पाणी बघता बघता अंगावर येतं. पालघरच्या वाळूवर गाड्या नेऊन अडकवणारे वीर याच गणितात नापास होतात. मी सॉफ्टवेअरमधला माणूस. एका ओळीचं फंक्शन, इनपुट कॅलनिर्णयच्या पानावर, आणि इतक्या पिढ्या प्रॉडक्शनमध्ये चालू! हे फंक्शन एका लाकडी फळीवर रोज खडूनं लिहायला किती खर्च येतो? 'फॅमिलीला सेफ नाही' म्हणणाऱ्या एकाही माणसाला अशी फळी लावायचं सुचलेलं मी पाहिलेलं नाही.

सुरक्षिततेचंच बोलायचं तर, जागा रिकामी ठेवून ती सुरक्षित होत नाही. अंधारात रिकामा किनारा दारूच्या बाटल्या घेऊन येणाऱ्यांचा होतो. तिथे दहा कुटुंबं, एक दिवा, एक नळ आणि पंचायतीचा एक राखणदार असला, की तो आपोआप पोराबाळांचा होतो.

दुसरा नेहमीचा मुद्दा कचऱ्याचा. तंबूवाले घाण करतात. हा मुद्दा मी उडवून लावणार नाही. आपण घाण करतो, आणि शौचालय नसेल तर आणखी वाईट घाण करतो. सुरूच्या वाळलेल्या काड्यांवर शेकोटी पेटवणारे महाभागही आहेत, त्यांना दंड करा, पुढच्या वेळी घेऊ नका. पण घाणीवरून कुटुंबाला हाकलणाऱ्यांनी जरा बोईसरकडेही तोंड करावं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात देशभरातल्या प्रदूषित औद्योगिक क्षेत्रांमध्ये तारापूरचा पहिला क्रमांक होता, ९३.६९ गुण. (शाळेत इतके मिळाले असते तर पेढे वाटले असते.) तिथलं सांडपाणी नवापूरला नळानं समुद्रात सोडलं जातं. मासे मरायला लागले म्हणून अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेला २०१६ साली हरित लवादाकडे जावं लागलं, आणि जानेवारी २०२२ मध्ये लवादानं शंभरावर कारखान्यांवर मिळून सुमारे १६० कोटींची भरपाई लावली. सहा वर्षं लढलं कोण? मच्छीमार. केळव्याला दर हिवाळ्यात सहलीला जाणारे आपण त्यात कुठे होतो?

कुठेच नव्हतो. आणि माझ्या मते याचं कारण आपण तिथे रात्री कधी राहतच नाही, हे आहे.

शाळेत खारे वारे आणि मतलई वारे शिकलो होतो, आठवतंय? दिवसा वारा समुद्राकडून जमिनीवर, रात्री जमिनीकडून समुद्रावर. अकराला पोचून पाचला निघणाऱ्या पाहुण्याच्या तोंडावर दिवसभर समुद्राची स्वच्छ हवा येते. रात्री वारा फिरतो. कारखान्यांचा वास कुणाच्या वाट्याला येतो हे बोईसरच्या आसपास राहणाऱ्या कुणालाही विचारा, रात्री खिडक्या का लावून घेतात ते सांगेल. सहलीला येणाऱ्याला तो वास माहीतच नसतो. त्याला किनारा म्हणजे भेळ, घोडा आणि सूर्यास्त. सूर्यास्त झाला की तो उठतो.

रात्र काढली की वेगळंच दिसतं. अष्टमीचा चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास मावळला, तेव्हा ओहोटी पूर्ण झाली होती. माझी अकरा वर्षांची मुलगी आणि सात वर्षांचा मुलगा टॉर्च घेऊन ओल्या वाळूवर खेकड्यांमागे धावत होते. समुद्रात लांबवर होड्यांचे दिवे होते. "बाबा, ते लोक झोपत नाहीत?" मुलानं विचारलं. संध्याकाळी तळलेला बोंबील कुठून येतो, हे त्याला त्या क्षणी समजलं. पाठ्यपुस्तकानं ते समजलं नसतं, माझ्या भाषणानं तर अजिबातच नाही.

हे भावुक वाटत असेल तर वाटू दे, कारण हिशेब अगदी रोखठोक आहे. तारापूरच्या उत्तरेला, डहाणूच्या अलीकडे, वाढवण आहे. १९९१ च्या जूनमध्ये केंद्रानं डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून अधिसूचित केला. त्यावर देखरेखीसाठी प्राधिकरण नेमलं गेलं, न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष होते, आणि १९९८ साली त्या प्राधिकरणानं वाढवणचं बंदर नाकारलं. तेच प्राधिकरण, अध्यक्ष बदलल्यावर, ३१ जुलै २०२३ रोजी त्याच जागी बंदराला हो म्हणालं. जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी, ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरला पायाभरणी. खर्च ७६,२२० कोटी, समुद्रात भर घालून तयार करायची जमीन १,४४८ हेक्टर, लाटा अडवणारा बांध दहा किलोमीटरहून लांब. बंदर हवं की नको यावर दोन मतं असू शकतात, माझं मत नको असं आहे. पण ज्या खडकाळ समुद्राला वाढवणचे लोक शंखोदर म्हणतात, त्याच्यासाठी रस्त्यावर उतरले ते पुन्हा तिथलेच मच्छीमार, शेतकरी आणि डायमेकर. शहरातल्या एखाद्या मैदानावर इमारत होणार म्हटलं की आपल्या सोसायट्यांचे ग्रुप पेटून उठतात, कारण त्या मैदानावर आपली पोरं खेळलेली असतात. वाढवणला आपलं कुणी कधी झोपलेलंच नव्हतं. जाग येणार कशी?

आता आमच्याच क्षेत्रातल्या मंडळींकडे वळतो. ऑनसाइटला गेलेला आमचा हाच मध्यमवर्गीय योसेमिटीला तंबूची जागा मिळावी म्हणून पाच महिने आधी, ठरलेल्या तारखेला, सकाळी सातच्या ठोक्याला लॅपटॉप उघडून बसतो. अस्वलं येऊ नयेत म्हणून खाणं लोखंडी पेटीत कुलूप लावून ठेवतो. कचरा परत आणतो. रात्री दहानंतर कुजबुजत बोलतो. आणि भारतात सुट्टीवर आला की 'इंडियात कॅम्पिंग शक्यच नाही रे, आपले लोक...' अरे, आपले लोक म्हणजे तूच ना! तिथे तुला शिस्त विमानतळावर वाटली गेली नव्हती. तिथे क्रमांक घातलेली जागा होती, नळ होता, संडास होता आणि नियम मोडला तर दंड होता. फ्रान्समध्ये तर गावोगावच्या नगरपालिका अशी तंबूची मैदानं चालवतात. आपल्या ग्रामपंचायतीला ते जमणार नाही असं कुठे लिहिलंय?

कायदा आड येतो म्हणाल, तर तेही खरं नाही. २०१९ च्या सीआरझेड अधिसूचनेत भरतीरेषेपासून किमान १० मीटर सोडून तात्पुरत्या पर्यटनसोयींची तरतूद आहे: शॅक, स्वच्छतागृह, कपडे बदलायची खोली, पिण्याचं पाणी. राज्य सरकारनं २०२० साली बीच शॅकचं धोरण आणलं. त्यात आठ किनारे निवडले, पालघर जिल्ह्यातले दोन, केळवे आणि बोर्डी. प्रत्येकी दहापर्यंत शॅक, वेळ सकाळी सात ते संध्याकाळी सात. पुढच्याच वर्षी कॅराव्हॅनचं धोरण आलं. म्हणजे बसून खाणाऱ्याची सोय झाली, चाकांवरचं घर घेऊन फिरणाऱ्याची झाली. ज्याच्याकडे तीन-चार हजारांचा तंबू आणि लोकलचं तिकीट आहे, त्याचा विचार कुठल्याच कागदावर नाही. सातला शटर खाली, समुद्र बंद.

स्थानिकांच्या धंद्याचं काय, असंही विचारतील. तंबूवाल्याला सकाळी दूध लागतं, मासे लागतात, आणि रात्री स्टोव्हनं दगा दिला की गरम भाकरीही लागते. आम्ही त्या मावशींकडून दोन वेळचं कालवण आणि भाकऱ्या घेतल्या, आणि ते पैसे मधल्या कुणाच्या ॲपला कमिशन न देता थेट त्यांच्या हातात गेले. हिवाळ्यात एखाद्या वाडीनं उकडहंडी लावली तर रांग लागेल, लिहून ठेवा.

मागणी फार मोठी नाही. केळव्याला किंवा बोर्डीला, किनाऱ्यामागच्या सपाट मोकळ्या जागेत, सुरूच्या मुळांपासून दूर, वीस तंबूंचं मैदान. चार संडास, दोन मोऱ्या, पिण्याच्या पाण्याचा एक नळ. माणशी शंभर रुपये, पावती ग्रामपंचायतीची. डीजे नाही, शेकोटी फक्त ठरलेल्या खड्ड्यात, दारू दिसली की तंबू बाहेर. पावसाळ्याचे चार महिने बंद. दाराशी एक फळा, त्यावर आजची तिथी आणि भरतीची वेळ, आणि तो लिहायचं काम गावातल्या एखाद्या निवृत्त तांडेलाला पगार देऊन. जागा नाही म्हणत असतील तर दहाच्या ऐवजी आठ शॅक करा.