गोकर्णाच्या पुढे तदडी

आपल्या भागातून गोकर्णाला जाणारी मंडळी काही कमी नाहीत. पहाटे बसमधून उतरावे, समुद्रस्नान करावे, कोटितीर्थावर जाऊन यावे, महागणपती आणि महाबळेश्वर यांचे दर्शन घ्यावे आणि दुपारची गाडी धरावी, झाली यात्रा! माझ्या मते ती तेथे निम्मीच होते. गोकर्णाहून दक्षिणेला किनाऱ्याकिनाऱ्याने तदडी या मासेमारीच्या गावापर्यंत पायी जाता येते. गेल्या माघात आम्ही चौघे, दोघे मराठी विभागाचे आणि दोघे कन्नड विभागाचे, दर्शन आटोपून त्या वाटेने निघालो.

वाटेत कुडले, ओम, हाफ मून, पॅराडाइज अशा पुळणी लागतात. (ओम हे नाव किनाऱ्याच्या आकारावरून पडले. पुढची दोन सरळ इंग्रजीच. ती कोणासाठी ठेवली हे सांगायला नको.) मधल्या टेकड्या चढता-उतरताना धाप लागते. बेलेकान मागे पडले, की वाऱ्यावर माशांचा वास येऊ लागतो आणि अघनाशिनीचे मुख दिसते. अघ म्हणजे पाप. पाप धुवायला आलेले बहुतेक यात्रेकरू या नावाच्या नदीपर्यंत पोचतच नाहीत, ही मोठी गंमत आहे.

तदडीच्या धक्क्यावर लिलाव चालला होता. लिलाव हा शब्द आपल्याला पोर्तुगीजांनी दिला. कानडीतला हराजू मात्र आपल्या हर्रासाचा सख्खा भाऊ. काही जण आपसांत कोंकणी बोलत होते, व्यापाऱ्यांशी कानडी. कोंकणी आम्हा मराठीवाल्यांना निम्मीशिम्मी कळे, उरलेले कन्नड विभागाचे मित्र विचारून घेत. एक होडी लागली तेव्हा टोपलीला जो भाव होता, तो दुसरी होडी लागताच उतरला. मागणी-पुरवठ्याची वक्ररेषा मी दोन वर्षे वहीत काढतो आहे. पण माल नाशवंत असला की बर्फ ज्याच्या हाती, भावही त्याच्याच हाती, हे तेथे उभे राहिल्यावर कळले. त्यातच १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद. वर्षाचे दोन महिने गल्ला रिकामा ठेवून चालणारा धंदा आमच्या कोणत्या पुस्तकात आहे?

धक्क्यावरच्या उलाढालीची निदान कोठेतरी नोंद होते. ओहोटीला चिखलात वाकून तिसऱ्या गोळा करणाऱ्या बायकांच्या कमाईची पावती कोण फाडणार? या खाडीवर सानिकट्ट्याची मिठागरे आहेत; तेथे मीठमालकांची सहकारी संस्था आहे. खाऱ्या पाण्यात तग धरणारा कग्गा नावाचा भात येथे पिकतो. याच तदडीला ४,००० मेगावॅटचा कोळशावर चालणारा वीजप्रकल्प योजला होता, तो लोकांच्या विरोधामुळे बारगळला. २०२४ साली खाडीच्या ४,८०१ हेक्टर क्षेत्राला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला, हे चांगलेच झाले. पण उद्या पुन्हा कोणी प्रकल्प घेऊन आला, तर त्याच्याकडे छापील ताळेबंद असेल आणि तिसऱ्यावालीकडे काहीच नसेल. तिचा हिशेब मांडून द्यायला वाणिज्य पदवीधर नको, तर कोण हवा?

आमची औद्योगिक सहल दरवर्षी कारखान्यात जाते. फाटकापाशी सामुदायिक छायाचित्र, आत यंत्रांचा आवाज, मग चहा-बिस्किटे आणि परतीच्या बसमध्ये अंताक्षरी. कारखाने पाहू नयेत असे मी म्हणत नाही. परंतु हिशेब आयते मांडून ठेवलेल्या ठिकाणी आम्ही विचारणार तरी काय? काही प्राध्यापक म्हणतील, मुले उन्हात चालणार नाहीत. विचारून तर पाहावे! आम्ही चौघांपैकी एकालाच फोड आला, तोही नव्या बुटामुळे.

यंदाची सहल माघातच तदडीला न्यावी. सूचनाफलकावर नोटीस दोन्ही भाषांत लागावी, गट करताना मराठी-कन्नड विभाग मिसळावेत, आणि प्रत्येक गटाने एका टोपलीचा हिशेब धक्क्यापासून गिऱ्हाइकापर्यंत लिहून आणावा. कन्नड भाग लिहायला मी तयार आहे.