शंका लहान, दुःख मोठे

मराठी शिकवता शिकवता माझी वीस वर्षे सरली. पण ‘लघुशंका’ या शब्दाचा खरा अर्थ मला गेल्या दिवाळीत कळला. एका देहधर्माला ‘लहानशी शंका’ म्हणणारी आपली भाषा मोठी सभ्य खरी! परंतु त्या सभ्यतेच्या पदराआड आपल्या आया-मावश्यांनी किती दुःख झाकून ठेवले आहे, याचा हिशेब कोण मांडणार?

दिवाळीला आम्ही सारे किन्हीराजाला जमतो. वाशीम जिल्ह्यातले, मालेगाव तालुक्यातले हे आमचे गाव. सोयाबीनची धांदल नुकतीच आटोपलेली असते, माजघरात चकल्यांचा घाणा चाललेला असतो, आणि या साऱ्यांवर वरताण असते ते आमच्या मोठ्या काकूंचे हसणे. त्या हसल्या की चार घरे पलीकडे ऐकू जाते. गेल्या वर्षी मात्र धाकट्या भावाने नेहमीचा विनोद केला, सारे घर खो खो हसले, आणि काकू तोंडाला पदर लावून झटकन आत गेल्या. परत आल्या तेव्हा पातळ बदललेले होते.

रात्री मी हळूच विचारले. थोडा वेळ त्या गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “काय सांगू बाई तुले! शिंक आली, खोकला आला, हसू आलं, का लुगडं वलं होते. चार लेकरं झाल्यावर असंच रायते. डाक्टरनंही वय झालं म्हणून सांगतलं.”

तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आले. दोन वर्षांत काकू एकाही लग्नाला गेल्या नव्हत्या. कीर्तन सुटले होते. एस.टी.ने जायचे असले, तर सकाळपासून पाण्याचा घोट घेत नसत.

आता ‘वय झाले’ हे काही उत्तर नव्हे. आपल्या ओटीपोटाच्या तळाशी, पुढच्या हाडापासून मागच्या माकडहाडापर्यंत, स्नायूंची एक झोळी असते. मूत्राशय, गर्भाशय, आतडे यांचा भार ती पेलते. बाळंतपणे, पाळी जाणे, वाढलेले वजन, जुनाट खोकला, बद्धकोष्ठाचे कुंथणे यांनी ती सैल पडते. मग खोकताना पोटात दाब वाढला की मूत्रमार्गाला आधार पुरत नाही आणि लघवी सुटते. पण झोळी स्नायूंची आहे. आणि स्नायू व्यायामाने बळावतो, हे तालमीतल्या पोराला सांगावे लागत नाही.

अमेरिकेतले स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगेल यांनी 1948 मध्ये या व्यायामावर लेख प्रसिद्ध केला. आवळलेल्या स्नायूंचा जोर काट्यावर दाखवणारे एक उपकरणही त्यांनी केले होते. आपल्याकडे घेरंडसंहितेत गुदद्वार पुन्हा पुन्हा आवळून सोडण्याची अश्विनीमुद्रा सांगितली आहे. आणि योगक्रिया दाबमापकाने व क्ष-किरणांनी पारखण्याचे काम स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्याच्या कैवल्यधामात आरंभले, ते साल 1924. शरीराला मोजमापाचा आरसा दाखवावा, ही कल्पना आपल्याला परकी नाही.

काकूंना मी अकोल्याला एका फिजिओथेरपिस्टबाईंकडे नेले. त्यांच्याकडे या आरशाचे नवे रूप होते. त्याला बायोफीडबॅक म्हणतात. योग्य स्नायू आवळला की पडद्यावरची रेघ वर चढते, सोडला की उतरते. काकू इतके दिवस पोट नि मांड्याच आवळत होत्या, हे त्या रेघेने दोन मिनिटांत दाखवले. मात्र यंत्र म्हणजे जादू नव्हे. इंग्लंड-स्कॉटलंडमधील 600 स्त्रियांवरचा एक अभ्यास 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. दोन वर्षांनी पाहिले, तर यंत्रासह व्यायाम करणाऱ्या आणि नुसता व्यायाम शिकून करणाऱ्या स्त्रियांत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. म्हणजे यंत्र नसले म्हणून अडून राहायला नको. नीट शिकवणारे माणूस हवे.

रीत साधी आहे. वारा सरू नये म्हणून आवळतो तसे आवळायचे आणि आत-वर ओढायचे. श्वास कोंडायचा नाही. पोट, कुल्ले, मांड्या सैल. जमेल तितके आकडे मोजत धरायचे, हळूहळू दहापर्यंत जायचे. मग पूर्ण सैल सोडायचे, कारण सोडणे हाही व्यायामाचाच भाग. असे निदान आठ वेळा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. शिंक येतेसे वाटताच आधी आवळून घ्यायचे. लघवी करताना मध्येच थांबवण्याचा सराव मात्र करू नये. लघवीत रक्त, जळजळ, वारंवार अनावर घाई, किंवा अंग बाहेर आल्यासारखे वाटले, तर आधी डॉक्टर गाठावा.

पहिला महिना काकूंना काही गुण दिसला नाही. “बाई, हे उगीचच व,” असे त्या फोनवर म्हणत. मी त्यांना देवपूजेची वेळ, चहाची वेळ आणि निजायची वेळ ठरवून दिली. चौथ्या महिन्यात त्या शेजारणीच्या नातीच्या लग्नाला एस.टी.ने गेल्या, तांब्याभर पाणी पिऊन गेल्या! अजून जोराची सर्दी झाली की थोडा त्रास होतो; ते त्या लपवीत नाहीत. परवा मला म्हणाल्या, “आता दोघी-तिघींले मीच शिकोते.”

भगिनींनो, या दिवाळीत फराळाची ताटे भरताना घरातल्या कोणत्या बाईने हसणे कमी केले आहे, तेवढे पाहा. आणि बंधूंनो, भाऊबीजेची ओवाळणी घालताना बहिणीला एवढे म्हणा, की दवाखान्यात सोबत येईन. शंका मनात ठेवली की मोठी होते. बोलली की लहान होते.

यंदा धाकटा भाऊ नवा विनोद घेऊन येणार आहे. काकूंनी सांगून ठेवले आहे, “येऊ दे त्याले!”