तीस तारखेनंतर साखळीला कुत्रा दिसता कामा नये

गेल्या मंगळवारी पहाटे पावणेसहाला वॉचमनने मला उठवले आणि सी विंगच्या मागे नेले. तळमजल्याच्या बाल्कनीच्या ग्रिलला बांधलेली चार फुटी साखळी फरशीवर सरळ पसरली होती. टोकाला लाल पट्टा. पट्ट्याचे बक्कल लागलेलेच होते, आत पांढऱ्या केसांचा एक झुबका अडकला होता, घुंगरूही जागेवर होते. शेजारचे पाण्याचे भांडे सांडलेसुद्धा नव्हते.

जेमतेम चार किलोचा पॉमेरियन. कुणी काही ऐकले नाही. बिबट्याची शिकार अशीच असते, मान एकदा जबड्यात गेली की भुंकायला उसंत मिळत नाही.

नऊ वाजेपर्यंत सोसायटीच्या ग्रुपवर पत्र तयार झाले होते : वनखात्याने ताबडतोब पिंजरा लावावा. दुपारपर्यंत त्यावर एकेचाळीस सह्या झाल्या. माझी नाही आणि होणारही नाही. या सोसायटीचा सेक्रेटरी म्हणून मी एकेचाळीस जणांना आणि बाकीच्या सगळ्यांनाही हा इशारा देतो आहे. तो कडू लागेल. लागू दे.

आपण येऊरच्या पायथ्याशी राहतो. खिडकीतून डोंगर दिसतो म्हणून चौरस फुटामागे जादा पैसे मोजून आपण इथे आलो. तो डोंगर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा आहे. बोरिवली, मुलुंड आणि ठाणे यांच्या मध्ये वसलेले हे सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे जंगल. कॅमेरे लावून २०१५ साली मोजणी झाली तेव्हा उद्यान आणि परिसरात ३५ बिबटे आढळले, २०१८ साली ४७. घोडबंदर रस्त्यावरच्या एका नाक्याचे नाव वाघबीळ आहे, ते काही बिल्डरने ठेवलेले नाही. तिकडे आरेच्या पाड्यांवरचे आदिवासी वाघदेवाला पुजत आले आहेत. बिबट्या सोसायटीत ‘घुसला’ असे ग्रुपवर लिहिणाऱ्यांनी कोण कुणाच्या घरात घुसले याचा आधी विचार करावा.

आणि हा बिबट्या काय खातो? चितळ, सांबर, डुक्कर खातोच. पण २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा अंदाज असा की, वजनाच्या हिशेबाने त्याच्या आहारातला सुमारे ४० टक्के वाटा कुत्र्यांचा आहे, उद्यानातले सगळे बिबटे मिळून वर्षाला जवळपास दीड हजार कुत्री. अकोले तालुक्यात उसाच्या पट्ट्यात वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्यांची विष्ठा तपासली, तिथेही कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के निघाला. थोडक्यात, बिबट्या कुत्र्यासाठीच येतो. तुमचा शिह्त्झू, तुमचा पग, तुमचा डॅक्सहुंड त्याच्या लेखी भटक्या कुत्र्याहून वेगळा नाही. फक्त तो लहान आहे, हळू पळतो आणि साखळीने बांधलेला आहे.

या साखळीबद्दल मला जास्त बोलायचे आहे.

बिबट्या पकडायचा असेल तर वनखाते पिंजरा आणते आणि आत आमिष म्हणून शेळी ठेवते. ती रात्री एकटी पडते, ओरडते आणि त्या आवाजावर तो येतो. आता आपल्या सी विंगचा तळमजला डोळ्यांपुढे आणा. रात्री अकराला कुत्रा बाल्कनीबाहेर बांधायचा, आत एसी लावून दार बंद करायचे, तो तासभर केकाटला तरी ‘करतोच तो असं’ म्हणून कूस बदलायची. तुम्ही दुसरे काय करता आहात? आमिषच बांधता आहात, फक्त पिंजरा नाही. आणि त्या आमिषावर जो येतो तो एकदा येऊन थांबत नाही. सुखासुखी मिळालेली शिकार तो विसरत नाही. दुसऱ्या रात्री त्याच कोपऱ्यावरून तो पुन्हा फिरतो, आणि त्याच कोपऱ्यापासून वीस पावलांवर आपली घसरगुंडी आहे.

२०२२ च्या दिवाळीत आरेमध्ये सोळा महिन्यांची मुलगी बिबट्याच्या हल्ल्यात गेली. मी हे कुणाला घाबरवायला सांगत नाही. बिबट्या माणसाला सहसा टाळतो, इतकी वर्षे डोंगराच्या कडेला राहून आपण तेच पाहिले आहे. पण त्याला रोज भिंतीच्या आत बोलावत राहिलात, तर संध्याकाळी अंगणात रांगणारे मूल आणि कुत्रे यांच्या उंचीत फार फरक नसतो, एवढे ध्यानात ठेवा.

पिंजऱ्याच्या पत्राचे उत्तर इथेच देतो. जुन्नर भागात दिसला बिबट्या की पकड आणि दूर नेऊन सोड, असा सपाटा २००१ पासून लावला गेला. त्याआधी तिथे माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले होत, ते सतरावर गेले. अनोळखी रानात सोडलेले जनावर बिथरते, भटकते, आणि त्याच्या रिकाम्या जागेत दुसरा, बहुधा तरुण आणि अननुभवी, बिबट्या येतो. केंद्र सरकारने २०११ साली जी मार्गदर्शक सूचना काढली, तीही याच अनुभवावर उभी आहे : नुसता दिसला म्हणून पकडू नका. आपल्या पत्रात मात्र ‘दिसला’ एवढाच आरोप आहे. शिवाय काहींनी ग्रुपवर सुचवले की मांसात काहीतरी घालून ठेवू. त्यांना मी नावानिशी ओळखतो. बिबट्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे, त्याला मारण्याची शिक्षा किमान तीन वर्षे कैद, सात वर्षांपर्यंत. तो मेसेज मी जपून ठेवला आहे.

आता ऐका. मुदत या महिन्याच्या ३० तारखेपर्यंत.

अंधार पडल्यापासून उजाडेपर्यंत एकही पाळीव कुत्रा बाल्कनीत, पार्किंगमध्ये, गच्चीवर किंवा दाराबाहेर राहणार नाही. तो घरात, बंद दाराआड झोपेल. घरात जागा नाही म्हणणाऱ्यांनी कुत्रा आणण्याआधी जागा मोजायला हवी होती. तळमजल्याच्या बाल्कन्यांना वरपर्यंत जाळी हवी. आपली कुंपणभिंत सात फुटांची आहे, बिबट्याला ती पायरीसारखी. त्या भिंतीवर लवलेल्या उंबराच्या फांद्या छाटण्यासाठी महापालिकेकडे परवानगीचा अर्ज सोमवारी दिला आहे. परवानगीशिवाय कुणी कुऱ्हाड हातात घेऊ नये. मागच्या बाजूचे बंद पडलेले तीन दिवे लावून झाले आहेत. हे काम समितीचे होते, ते उशिरा झाले, आणि त्या उशिराची जबाबदारी माझी आहे.

हिवाळ्यात इथे सूर्य सातच्या पुढे उगवतो. पहाटे साडेपाचला कुत्र्याला फिरवणारे सहाजण मला माहीत आहेत. त्यांनी वेळ बदलावी. उजाडल्यावर निघा, संध्याकाळी दिवेलागणीपूर्वी परता. पट्टा हातभर आखूड धरा. बटण दाबले की पंधरा फूट सुटणारी ती दोरी या रस्त्यावर चालणार नाही. झुडपांच्या कडेने नको, रस्त्याच्या मधून चाला, आणि मोबाइल खिशात ठेवा. बिबट्या समोर आलाच तर पळू नका, पाठ फिरवू नका, वाकू नका, बसू तर मुळीच नका. उभा माणूस त्याला शिकार वाटत नाही, ओणवा माणूस वाटू शकतो. कुत्र्याला पायाशी ओढून घ्या, मोठ्याने बोला, त्याला निघून जायला वाट मोकळी ठेवा आणि मागे मागे सरका. आणि कुत्रा त्याच्या तोंडात गेला असेल तर त्याच्या मागे धावू नका. हे लिहिताना माझा हात जड झाला आहे, पण लिहायलाच हवे. तुमच्या घरात मुले आहेत.

मागच्या फाटकाशी रात्री दहाला भात आणि चिकनची हाडे ओतणाऱ्या भूतदयावाल्यांनाही हीच मुदत. भटक्या कुत्र्यांना खाऊ घालायला माझा विरोध नाही. २०२३ च्या नियमांनुसार त्यासाठी जागा आणि वेळ ठरवून देणे सोसायटीचे काम आहे, आणि आम्ही ती ठरवली आहे : पुढच्या फाटकाबाहेर, विजेच्या डीपीपाशी, सकाळी आठ वाजता. खाणे संपले की भांडे उचलायचे. खरकट्यावर कुत्री आणि डुकरे जमतात, आणि जमलेल्या कुत्र्यांवर बिबट्या. कोपऱ्यावरच्या हॉटेलमालकालाही लेखी कळवले आहे. नाल्यात कोंबडीची पिसे आणि आतडी टाकणे थांबले नाही तर फोटोंसह तक्रार महापालिकेत जाईल. फोटो काढून ठेवलेले आहेत.

कुत्रा पाळायला सोसायटी बंदी घालू शकत नाही, आणि आम्हाला ती घालायचीही नाही. माझ्या घरात चौदा वर्षे कुत्रा होता. पण प्राण्याला निवारा न देणे, कायम आखूड साखळीला जखडून ठेवणे हे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हे आहेत, आणि ते आजवर आपण शेजारधर्म म्हणून झाकले. आता झाकणार नाही.

बिबट्या दिसला तर ग्रुपवर व्हिडिओ टाकण्याआधी वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. गर्दी करू नका, टॉर्च रोखू नका, फटाके तर नकोतच.

तो लाल पट्टा सोसायटीच्या ऑफिसात, माझ्या टेबलाच्या खणात आहे. ज्यांचा आहे त्यांनी अजून नेलेला नाही. ते रडत होते, आणि त्यांच्या दुःखावर मला मीठ चोळायचे नाही. पण त्यांच्याच वरच्या मजल्यावरून काल रात्री पुन्हा एका पिल्लाचे केकाटणे ऐकू आले, गच्चीच्या जिन्यातून.

३० तारखेला रात्री साडेअकराला मी आणि समितीचे दोन सदस्य चारही विंगचे तळमजले, पार्किंग आणि गच्च्या फिरणार आहोत. बाहेर बांधलेला प्रत्येक कुत्रा फोटोत येईल, फ्लॅट नंबरासह. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला ती यादी पोलीस ठाण्यात देऊन पोच घेतली जाईल आणि पोचेची प्रत लिफ्टशेजारच्या फलकावर लागेल.