विश्लेषण : छापील टेलिफोन डिरेक्टरीतील जाहिरात छोट्या दुकानदाराला परवडते का?

वर्धा, हिंगणघाट, आर्वीत मोटार रिवाइंडिंगवाला शोधायचा, तर एकेकाळी डिरेक्टरी उघडली जाई. आता हात मोबाइलकडे जातो.

काय बदलले?
डिरेक्टरी म्हणजे लँडलाइनची यादी. २००६च्या सुमारास देशात सुमारे ५ कोटी लँडलाइन जोडण्या होत्या. २०२३ अखेरीस ३.२ कोटींच्या आसपास उरल्या. मोबाइल जोडण्या ११५ कोटींवर गेल्या, पण त्यांची सर्वसमावेशक सार्वजनिक डिरेक्टरी निघालीच नाही.

तोटा कुठे?
दुकान हलले किंवा नंबर बदलला, तर दुरुस्ती थेट पुढच्या आवृत्तीत. गूगल मॅप्सवरील नोंद मोफत असते, घरबसल्या बदलता येते. ब्रिटनमध्ये ‘यलो पेजेस’ची छपाई २०१९मध्ये थांबली.

मग छापील जाहिरात वायाच?
सरसकट नाही. समाजाची किंवा व्यापारी संघटनेची सूची अनेक घरांत जपली जाते. मंगल कार्यालय, केटरर, बिछायत केंद्र यांना तिचा उपयोग होऊ शकतो.

काय करावे?
पैसे देण्याआधी प्रती किती आणि वाटप कुठे, हे विचारावे. नव्या गिऱ्हाइकाला ‘नंबर कुठून मिळाला?’ विचारून वहीत नोंद ठेवावी. जाहिरातीचा खर्च निघाला की नाही, हे वर्षअखेरीस त्या नोंदींवरूनच कळेल.