सांध्याची सोनोग्राफी हवी, पण कायद्याच्या चौकटीत

शालेय क्रीडा स्पर्धांचा हंगाम आला की ज्युदो, कराटे, तायक्वांदोच्या मॅटभोवती तेच दृश्य दिसते. एखादी मुलगी पडते, कोपर धरून उठते. कोणी स्प्रे मारतो, कोणी क्रेप बँडेज बांधतो. ‘मुका मार आहे’ असे म्हणून तिला पुढच्या लढतीला उभे केले जाते. दहावी-बारावीच्या वाढीव गुणांवर डोळा असतो, म्हणून तीही दुखणे लपवते.

एक्स-रेमध्ये हाडाचे कळते. हात पिरगाळताना ताणलेले कोपराचे लिगामेंट किंवा फाटलेला खांद्याचा कंडरा त्यात दिसत नाही. सोनोग्राफीत दोन्ही दिसतात. तिच्यात किरणोत्सर्ग नाही, खर्च एमआरआयपेक्षा बराच कमी. शिवाय सांधा हलवत, ताण देत तपासता येतो आणि लगेच दुसऱ्या, धडधाकट बाजूशी ताडून पाहता येतो. मात्र गुडघ्याची गादी आणि गुडघ्यातले एसीएल हे लिगामेंट यांच्यासाठी सोनोग्राफीवर विसंबू नये, तिथे एमआरआयच लागतो. आणखी एक सावधगिरी बाळगायला हवी. अजिबात न दुखणाऱ्या कंडरातही खेळाडूंमध्ये बदल आढळतात. केवळ चित्र पाहून कोणाला स्पर्धेबाहेर काढणे अन्यायाचे होईल.

परदेशात डॉक्टर सोनोग्राफीचे छोटे यंत्र पिशवीत घालून मॅटपाशी बसतात. आपल्याकडे तसे करता येत नाही, कारण याच यंत्राने गर्भाचे लिंगही कळते. गर्भलिंग निदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला, केंद्राचा १९९४ मध्ये आला. आज यंत्र गुडघ्यासाठी वापरा की गर्भासाठी, नोंदणी लागतेच. २०१२ च्या नियमांनुसार हलवता येण्याजोगे यंत्र नोंदणीकृत रुग्णालयाच्या आवारात, दाखल रुग्णांसाठी वापरता येते, किंवा इतर आरोग्यसेवाही देणाऱ्या फिरत्या वैद्यकीय पथकात. क्रीडा संकुलाचा हॉल यात बसत नाही.

ही अट खेळाडूंसाठी सैल करा, अशी मागणी अधूनमधून कानावर येते. मला ती मान्य नाही. राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे मुली २००१ मध्ये ९१३ होत्या, २०११ मध्ये ८९४ उरल्या. कुस्तीच्या पंढरीत, कोल्हापुरात, प्रशासनाला सोनोग्राफी यंत्रांवर तपासण्यांची नोंद ठेवणारे ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ बसवावे लागले. २०२१ मध्ये पोलंडमध्ये युवा जागतिक मुष्टियुद्धाचे सुवर्ण जिंकणारी अल्फिया पठाण आपल्या नागपूरची. अशा मुली जन्माला याव्यात म्हणूनच यंत्रावर हा पहारा आहे. तो उठवून खेळाचे भले होणार नाही.

यंत्र मॅटपाशी येत नसेल तर खेळाडूंना यंत्रापाशी नेता येते. मेडिकल, मेयो आणि मिहानचे एम्स अशी तीन सरकारी रुग्णालये नागपुरात आहेत. जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांनी त्यांच्याशी बोलून हंगामापूर्वी आठवड्यातला एक दिवस खेळाडूंच्या सांध्यांसाठी राखून घ्यावा. पूर्वी दुखापत झालेल्या आणि वारंवार सूज येणाऱ्या मुलांपासून सुरुवात करावी. सगळ्यांना सरसकट तपासण्याची गरज नाही.

पालकांनाही सांगणे आहे. मुलीचे कोपर सुजले असेल, हात सरळ होत नसेल, तर मालिश करून घेऊ नका आणि पुढच्या लढतीची वाट पाहू नका. त्याच दिवशी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा आणि सांध्याची सोनोग्राफी हवी का, हे स्पष्ट विचारा.