पार्टीची घाई आणि आपला आगमनकाळ



आगमनकाळाची पहिली मेणबत्ती पेटायला अजून कितीतरी आठवडे असतात, आणि ऑफिसात काम करणाऱ्या आपल्या मुलांच्या मोबाईलवर नाताळ केव्हाच येऊन बसलेला असतो. आपण बेळगावकर. आपली बरीचशी तरुण मंडळी पुण्याला नाहीतर बेंगळुरूला. कोणी कंपनीच्या एचआरमध्ये, कोणी हॉटेलात, कोणी इव्हेंटवाल्यांकडे. म्हणजे ऑफिसची ख्रिसमस पार्टी विकत घेणारेही आपलेच आणि विकणारेही आपलेच. म्हणून धर्मशिक्षणाच्या वर्गात या विषयाला कधी जागा मिळत नसली तरी इथे चार शब्द लिहितो आहोत.

ही रीत मूळची इंग्लंड-अमेरिकेकडची. तिकडे हॉटेलवाले डिसेंबरची टेबलं उन्हाळ्यातच विकायला काढतात. विकायच्या तऱ्हाही आता नुसत्या जाहिरातीच्या राहिल्या नाहीत. २००६ साली ऑफिसमॅक्स या ऑफिसचं सामान विकणाऱ्या अमेरिकन कंपनीने 'एल्फ युवरसेल्फ' नावाची वेबसाइट काढली. साहेबाचा, शेजारच्या टेबलावरच्या मॅडमचा फोटो टाकायचा, की त्यांचे चेहरे लावलेले सांताचे मदतनीस नाचू लागायचे. लोक हसत हसत एकमेकांना पाठवत राहिले आणि जाहिरात फुकटात फिरली. आज पार्टी विकणारे त्याच वाटेने जातात. खुनाचं कोडं सोडवायची पार्टी असेल तर एचआरच्या ताईंना आधी ईमेलवर एक 'पुरावा' येतो. कोणी 'तुमचं ऑफिस कसल्या पार्टीचं?' अशी प्रश्नावली पाठवतं. कोणी डिसेंबरचे २४ दिवस रोज एक खिडकी उघडून रोज एक सवलत देतं. ती खिडक्यांची दिनदर्शिका १९व्या शतकात जर्मनीतल्या लुथरन घरांत लेकरांना नाताळचे दिवस मोजायला शिकवण्यासाठी सुरू झाली होती, हे पाठवणाऱ्याला माहीत असेलच असं नाही.

या सगळ्याला सरसकट नावं ठेवायची आमची इच्छा नाही. आपल्या धर्मग्रामातली केक करणारी घरं, नेवऱ्या-दोदोलच्या ऑर्डरी घेणाऱ्या बाया, गिटार वाजवणारी पोरं, तारे आणि रोषणाई लावणारे यांचा वर्षाचा हातभार डिसेंबरातच मिळतो. पार्टी विकली जाते तेव्हा त्यांची चूल पेटते. आणि चाकोरीबाहेरच्या निमंत्रणाचं वावडं आपल्याला असायचं काही कारणही नाही. लूकच्या शुभवर्तमानातल्या १४व्या अध्यायातला तो यजमान आठवा. रीतसर बोलावलेल्यांनी शेताची, बैलांची, लग्नाची सबब सांगितल्यावर त्याने चाकराला गल्लीबोळांत आणि पुढे कुंपणांपर्यंत पाठवलं. त्या काळी याहून वेगळं निमंत्रण कोणतं असणार?

आमचा आक्षेप दोन-तीन ठिकाणीच आहे, पण तिथे तो ठाम आहे.

पहिला आक्षेप खोट्या घाईला. 'फक्त तीन टेबलं शिल्लक', 'बुकिंग बंद व्हायला दोन तास' असं पान उघडताच लिहिलेलं दिसतं. पान पुन्हा उघडा, दोन तास पुन्हा दोन तासच. तसंच ते ईमेल, ज्याच्या विषयात 'रि:' लिहिलेलं असतं, जणू आधीच तुमचं-आमचं बोलणं झालं आहे. आपल्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा १३ फसव्या तऱ्हांवर मार्गदर्शक तत्त्वं काढली, आणि त्यांच्या यादीत खोटी घाई पहिलीच आहे. (३० नोव्हेंबर हा संत अंद्रियाचा सण. आगमनकाळाचा पहिला रविवार त्याच्याच जवळचा धरतात. सरकारी बाबूंनी हे पाहून तारीख निवडली नसणार, पण आम्हाला योग आवडला.) आगमनकाळ आपल्याला वाट पाहायला शिकवतो, आणि त्याच दिवसांच्या नावावर कोणी आपल्याला वाट पाहू नका म्हणून भिववतं, हे आम्हाला खटकतं. बेथलेहेमच्या धर्मशाळेत जागा नव्हती ती खरोखरच नव्हती. ते वाक्य रिकामी टेबलं ठेवून लिहिलेलं नव्हतं. आपली जी मुलं असे मजकूर लिहितात त्यांना आम्ही एवढंच विचारू: टेबलं खरंच तीन उरली आहेत का? उरली असतील तर खुशाल लिहा. दहावी आज्ञा शेजाऱ्याच्या मालाची आहे, पण आठवी जिभेची आहे, आणि कीबोर्ड ही जीभच.

दुसरा आक्षेप गोठ्याबद्दल. अलीकडे कोणी ना कोणी विचारायला येतं, 'तुमच्या गोठ्यासमोर एक रील करू द्या, पार्टीच्या जाहिरातीला छान दिसेल.' आमचं मत, नको. सांता, झाड, घंटा यांच्यासमोर हवं तेवढं नाचा, त्यात आम्हाला दुखण्यासारखं काही नाही. १२२३ साली ग्रेचो गावी संत फ्रान्सिसने गवत, बैल आणि गाढव आणून गोठा उभा केला तो लोकांनी बाळाची गरिबी डोळ्यांनी पाहावी म्हणून. त्याच्यासमोर उभं राहून माणशी किती रुपयांची थाळी ते सांगायचं, हे जमत नाही. ऑफिसातल्या पार्टीत गोठा नाही म्हणून तक्रार करणारे आपल्यात काही आहेत, त्यांच्याशीही आमचं पटत नाही. तिथे सगळ्या धर्मांची माणसं पगारावर येतात. त्यांच्यावर गोठा लादण्यापेक्षा घरी बोलावून दाखवावा.

तिसरी गोष्ट थोडी वेगळी आहे, आणि आम्हाला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. इंग्लंडमध्ये कंपनीने वार्षिक पार्टीवर वर्षाला माणशी १५० पौंडांपर्यंत खर्च केला तर नोकरदाराला त्यावर कर लागत नाही. मर्यादा एका पौंडाने ओलांडली की सगळी रक्कम करपात्र. पण त्या सवलतीला आणखी एक अट आहे. पार्टी तिथल्या सगळ्या कर्मचाऱ्यांसाठी खुली हवी, नुसती साहेब लोकांची नको. कर खात्याची अट आहे, भक्तीची नाही, तरी वाचताना आम्हाला लूकचा तोच १४वा अध्याय आठवला. मेजवानी द्याल तेव्हा परतफेड करू शकणाऱ्यांना बोलावू नका, गरिबांना, लंगड्यांना, आंधळ्यांना बोलवा, असं प्रभू येशू तिथे सांगतो. आपल्याकडे तर कितीदा कंत्राटावरची झाडूवाली, कॅन्टीनचा पोरगा, रात्रपाळीचा सिक्युरिटी हे कंपनीचे 'कर्मचारी'च नसतात, म्हणून पार्टीच्या यादीतही नसतात. गिऱ्हाइकाला मात्र आवर्जून बोलावलं जातं, कारण तो परतफेड करतो.

विकणाऱ्यांनी इथे खरी चाकोरी मोडून दाखवावी. जाहिरातीतच लिहा की २० माणसांच्या बुकिंगमागे दोन जागा कंत्राटी माणसांसाठी राखलेल्या आहेत. हॉटेलने लिहावं की २४ तारखेला वाढपी मंडळींची पाळी मध्यरात्रीच्या मिस्सेआधी संपेल. दरवर्षी आपल्यापैकीच कोणी तरी कोट घालून दुसऱ्यांच्या टेबलावर केक कापून देत असतं, आणि त्याची आई चर्चमध्ये शेजारची जागा पिशवी ठेवून धरून बसते. अशी जाहिरात आली तर आम्ही स्वतः ती धर्मग्रामाच्या ग्रुपवर टाकू, फुकटात.

आपल्या गायकवृंदाला यंदाही कंपन्यांकडून बोलावणी येतील. आमचं सुचवणं असं: जावं, मानधन घ्यावं, मनापासून गावं. ठरवतानाच सांगावं की गाणी सुरू होतील तेव्हा गेटवरच्या आणि स्वयंपाकघरातल्या माणसांनाही आत खुर्च्या द्या. पहिली ती बातमी रात्रपाळीच्या मेंढपाळांनाच मिळाली होती. नकार आला तर पुढचं बोलावणं घ्यावं. डिसेंबरात ती कमी नसतात.