मामी खोटं बोलत नाही

१९९४ च्या सप्टेंबरात सुरतेत प्लेगची बातमी फुटली आणि काही दिवसांत लाखो माणसांनी शहर सोडलं. सुरतेच्या उधना-लिंबायत भागातली आम्ही खानदेशी माणसं भुसावळकडच्या गाड्यांत कोंबून नंदुरबार, अमळनेर, जळगाव गाठायला निघालो. त्या दिवसांविषयी आज जुन्या माणसांना विचारलं, तर रस्तोरस्ती प्रेतांचा खच पडल्याचं अनेकजण सांगतात. अधिकृत नोंदींत त्या साथीचे देशभरातले मृत्यू साठच्या आत आहेत.

सरकारी आकड्यांवर शंका जरूर घ्यावी. पण म्हणून प्रत्येक आठवण पुरावा ठरत नाही, आणि चुकीची आठवण सांगणारा थापाड्याही ठरत नाही. आठवण कशी घडते हे आपण समजूनच घेत नाही, ही माझी तक्रार आहे.

माझी मामी ठामपणे सांगते, की मजुरा गेटजवळच्या सिव्हिल हॉस्पिटलच्या दारात तिने प्रेतांची रांग पाहिली. "या डोळ्यांनी पाहिलंय." पण शहर सोडलं त्या दिवशी ती घरातून थेट उधना स्टेशनवर गेली होती. मजुरा गेट त्या वाटेवर लागतच नाही. नंदुरबारला पोचल्यावर ओट्यावर रोज सुरतेच्याच गोष्टी चालत. सिव्हिलची गोष्ट तिथे कुणीतरी सांगितली असावी. मनात आधीच भीती होती, त्यामुळे ऐकलेलं पाहिल्यासारखं उमटलं. पुढे तीस वर्षं ती गोष्ट सांगत राहिली आणि दर वेळी ते चित्र अधिक पक्कं होत गेलं.

त्याच मामीला कडेवरच्या लेकराचा खोकला अजून जसाच्या तसा ऐकू येतो. त्याच्या तोंडावर बांधलेल्या रुमालाचा निळा काठही आठवतो. डब्यात सोबत कोण होतं, हे मात्र तिला सांगता येत नाही. जीव लेकरात अडकलेला असताना बाकीच्यांकडे लक्ष गेलंच नाही. जे नीट पाहिलंच नाही, ते नंतर दुसऱ्यांच्या बोलण्यातून भरलं गेलं.

हे फक्त आमच्या घरात घडतं असं नाही. २८ जानेवारी १९८६ रोजी अमेरिकेचं चॅलेंजर यान कोसळलं. उल्रिक नायसर या मानसशास्त्रज्ञाने दुसऱ्याच दिवशी विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं, की ही बातमी कुठे आणि कशी कळली. सुमारे अडीच वर्षांनी पुन्हा विचारलं, तेव्हा अनेकांची उत्तरं साफ बदललेली होती, पण आपल्या आठवणीची खात्री मात्र त्यांना भरपूर होती. स्वतःच्या हाताचा जुना कागद समोर ठेवला, तरी काहींना नवीच आठवण खरी वाटली. खात्री आणि खरेपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यातून दिसलं.

प्रश्नसुद्धा आठवण घडवतो. १९७४ मध्ये मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस यांनी लोकांना मोटारींच्या धडकेची फिल्म दाखवली. "गाड्या एकमेकींवर जोरात आदळल्या तेव्हा वेग किती होता?" असं ज्यांना विचारलं, त्यांच्यापैकी, सौम्य शब्दांत विचारलेल्यांपेक्षा अधिक जणांना आठवड्याने फुटलेल्या काचा आठवल्या. फिल्ममध्ये काच फुटलेलीच नव्हती. "किती प्रेतं पाहिलीस?" असं आपण मामीला विचारतो, तेव्हा प्रेतं आपणच तिच्यासमोर ठेवतो.

याची किंमत घरच्या गप्पांपुरती राहत नाही. कोर्टात साक्षीदार वर्षांनंतर उभा राहतो. तो जितक्या ठामपणे बोलतो, तितका आपला विश्वास बसतो. घाबरलेल्या माणसाने ओझरता पाहिलेला चेहरा, मधल्या काळात शेजाऱ्यांशी झालेली चर्चा, पेपरातला फोटो, हे सगळं त्या साक्षीत मिसळलेलं असू शकतं. म्हणून जबाब घटनेनंतर लगेच, प्रत्येकाचा वेगळा आणि शक्यतो व्हिडिओवर घेतला गेला पाहिजे. हा तपासाचा पायाच आहे.

प्लेग पाहिलेली पिढी आता उतारवयाकडे झुकली आहे. सुरतेतल्या मराठी मंडळांनी आणि घराघरांतल्या मुला-नातवंडांनी त्यांच्या आठवणी आताच टिपून ठेवल्या पाहिजेत. एकेकाशी वेगळं बसा. "काय झालं ते सांगा" एवढंच विचारा आणि मध्ये बोलू नका. पाहिलेलं आणि ऐकलेलं वेगवेगळ्या रकान्यांत लिहा, वर तारीख घाला आणि मग त्या काळची वर्तमानपत्रं शेजारी ठेवून वाचा. उद्या पूर आला, पुन्हा साथ आली, तर त्याच रात्री चार ओळी लिहा. दुसऱ्या कुणाशी बोलण्याआधी लिहा.